चेंडू आणि जमीन



क्रिकेटचा सामना ऐकतांना किंवा पाहतांना आपण धांवा मोजतों, बळी मोजतों आणि खेळाडूंचीं नांवें लक्षांत ठेवतों. परंतु ज्या दोन वस्तूंवांचून हा खेळ होऊंच शकत नाहीं, त्यांच्याकडे आपलें लक्ष क्वचितच जातें. त्यांपैकीं एक म्हणजे चेंडू, आणि दुसरी म्हणजे तो ज्या जमिनीवर टप्पा घेतो ती बावीस यार्डांची पट्टी. या दोहोंचा परस्परांशीं संबंध काय, कोणत्या जमिनीवर कोणता चेंडू घ्यावा, तो बोटांत कसा धरावा, आणि आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडील मुलांच्या दृष्टीनें या प्रश्नाला एवढें महत्त्व कां आहे, याविषयीं आज चार शब्द सांगण्याचा माझा विचार आहे.

माझें आयुष्य मास्तरकींत गेलें. खेळाडू म्हणून माझें नांव कोणीं ऐकलें असण्याचा संभव नाहीं. परंतु शाळेमागच्या मैदानावर वर्षानुवर्षें मुलांना खेळवितांना जें डोळ्यांनीं पाहिलें, त्याला वाचनांतून मिळालेल्या माहितीची जोड देऊन मी बोलणार आहें. विषय खेळाचा असला, तरी त्यांत थोडें कृषिशास्त्र आहे, थोडें पदार्थविज्ञान आहे, आणि शेवटीं थोडा न्यायाचाहि प्रश्न आहे.

प्रथम चेंडूची ओळख करून घेऊं. क्रिकेटच्या चेंडूचा गाभा बुचाचा असतो. त्यावर दोरा घट्ट गुंडाळतात आणि वरून कमावलेल्या चामड्याचें कवच शिवतात. चांगल्या चेंडूचें कवच चार तुकड्यांचें असतें. सरावाचा स्वस्त चेंडू दोन तुकड्यांचा असतो. मध्यभागीं सहा ओळींची शिवण असते, आणि हीच चेंडूचा खरा प्राण होय. प्रौढ पुरुषांच्या चेंडूचें वजन १५५.९ ते १६३ ग्रॅम असावें आणि परीघ २२.४ ते २२.९ सेंटिमीटर असावा, असा नियम आहे. स्त्रियांसाठीं हेंच वजन १४० ते १५१ ग्रॅम आहे, आणि तेरा वर्षांखालील मुलांसाठीं १३३ ते १४४ ग्रॅम. हे आंकडे कृपा करून लक्षांत ठेवावे. पुढें त्यांचें काम पडणार आहे.

नियम एक असला तरी सर्व चेंडू सारखे नसतात. आज कसोटी सामन्यांत मुख्यतः तीन प्रकारचे चेंडू चालतात. इंग्लंडमध्यें ड्यूक्स नांवाचा चेंडू वापरतात, ऑस्ट्रेलियांत कूकाबुरा, आणि आपल्या देशांत एसजी. एसजी हा चेंडू मेरठला तयार होतो. या कारखान्याचें मूळ १९३१ सालीं सियालकोट येथें रोंवलें गेलें. फाळणीनंतर हा धंदा करणारीं अनेक कुटुंबें तेथून निघून मेरठ व जालंदर येथें स्थायिक झालीं, आणि आपल्याबरोबर हातशिलाईची कलाहि घेऊन आलीं. एसजी व ड्यूक्स यांची शिवण हातानें घातलेली असते, म्हणून ती उंच राहते व पुष्कळ वेळ टिकते. कूकाबुराच्या बाहेरच्या ओळी यंत्रानें शिवलेल्या असतात. तो नवा असतांना चांगला वळतो, परंतु त्याची शिवण लौकर बसते. तेव्हां ज्या देशांत जशी जमीन आणि जसें गवत, तसा तेथील खेळ, आणि तसाच तेथील चेंडू, असें सामान्यतः म्हणतां येईल. इंग्लंडच्या हिरव्या, ओलसर मैदानावर चेंडूची लकाकी दीर्घकाळ राहते. आपल्याकडील कोरड्या पट्टीवर वीस-पंचवीस षटकांतच तिचा रंग उडतो, आणि मग खेळ शिवणीच्या आधारानें फिरकी टाकणाऱ्याच्या हातीं जातो.

आतां जमिनीकडे वळूं. शेतकऱ्याला जमिनीची परीक्षा करण्यास प्रयोगशाळा लागत नाहीं. आमच्याकडे काळ्या भारी जमिनीला कन्हार म्हणतात, तिच्याहून हलक्या मिश्र जमिनीला मोरांड म्हणतात, धानाच्या पिवळसर वाळवट जमिनीला सिहार म्हणतात, आणि खड्यांची उंचवट्याची जमीन ती बरड. वर्धा नदीच्या अंगाला, वरोरा, भद्रावती, राजुरा या बाजूस कापसाची काळी जमीन आहे. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल येथून वैनगंगा ओलांडून गडचिरोलीकडे गेलें कीं धानाच्या बांध्या लागतात. ज्या शेतकऱ्यानें ही ओळख बापाकडून घेतली, त्याला क्रिकेटची खेळपट्टी समजावून सांगण्यास फार वेळ लागत नाहीं, असा माझा अनुभव आहे.

काळ्या मातींत चिकणमातीचा अंश मोठा असतो. ती पाणी पिऊन फुगते आणि वाळतांना आकसते. म्हणूनच उन्हाळ्यांत कापसाच्या शेतांत हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा मातीची खेळपट्टी रुळानें नीट दाबली म्हणजे आरंभीं घट्ट बसते. परंतु तिच्यावर चेंडू संथ येतो व खालीं राहतो, आणि ऊन लागून ती फाटूं लागली म्हणजे फिरकीला साहाय्य मिळतें. लाल मातीची पट्टी टणक असते. तिच्यावर चेंडू उसळतो, वेगानें येतो, आणि फिरला तर झटक्यानें फिरतो. मुंबईच्या वानखेडे मैदानावरील पट्टी लाल मातीची आहे. नागपूरची काळ्या मातीची. म्हणून मुंबईला मोठा झालेला फलंदाज नागपूरला आला म्हणजे त्याला प्रथम आपले पाय आणि आपली बॅट यांची चाल बदलावी लागते.

मात्र माती ही अर्धीच गोष्ट झाली. तिच्यावर गवत किती ठेवलें, पाणी केव्हां दिलें आणि रूळ किती फिरविला, यावर उरलेली अर्धी अवलंबून असते. नागपूरचींच दोन उदाहरणें घ्या. ऑक्टोबर २००४ मध्यें नागपूरच्या जुन्या मैदानावर ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या कसोटींत पट्टीवर हिरवें गवत राखलें होतें. पाहुण्यांचे जलद गोलंदाज खुलले, त्यांनीं ३४२ धावांनीं सामना जिंकला आणि पस्तीस वर्षांनंतर भारतांत मालिका मिळविली. पुढें नोव्हेंबर २०१५ मध्यें त्याच शहराच्या जामठा येथील नव्या मैदानावर दक्षिण आफ्रिकेचा पहिला डाव अवघ्या ७९ धावांत आटोपला. चेंडू पहिल्याच दिवसापासून फिरत होता, सामना तीन दिवसांत संपला, आणि आंतरराष्ट्रीय मंडळानें त्या पट्टीला निकृष्ट असा शेरा दिला. शहर एकच, परंतु एकदां गवतानें सामना घडविला आणि एकदां उघड्या मातीनें.

आतां चेंडू हवेंत वळतो तो कां, हें थोडक्यांत पाहूं. चेंडूची एक बाजू घासून चकचकीत ठेवावयाची आणि दुसरी खरबरीत होऊं द्यावयाची, हें आपण सर्वांनीं पाहिलें आहे. चेंडू शिवण तिरकी ठेवून फेंकला म्हणजे एका बाजूला हवेचा पातळ थर शिवणीवर अडखळतो आणि खळबळतो. असा खळबळलेला थर चेंडूला अधिक वेळ चिकटून राहतो. दुसऱ्या बाजूचा शांत थर लौकर सुटतो. त्यामुळें दोन्ही बाजूंच्या दाबांत फरक पडतो आणि चेंडू एका अंगाला ओढला जातो. १९८३ सालीं रबी मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनीं याचें मोजमाप 'नेचर' या विज्ञानपत्रांत प्रसिद्ध केलें. शिवणीचा कल सुमारें वीस अंश आणि वेग ताशीं सुमारें ११० किलोमीटर असतांना चेंडू उत्तम वळतो, असें त्यांना आढळलें. यावरून एक मनोरंजक गोष्ट निष्पन्न होते. आपल्या गांवचा मध्यम वेगाचा गोलंदाज आपण फार जलद नाहीं म्हणून खंत करतो. परंतु चेंडू वळविण्यास त्याचा वेग अगदीं योग्य असूं शकतो. त्याला उणीव असते ती नीट शिवणीच्या चेंडूची.

चेंडू धरण्याची रीत ही जमीन पाहून ठरवावी लागते. हिरवी किंवा ओलसर पट्टी असेल, तर शिवण उभी ठेवून तर्जनी व मधलें बोट तिच्या दोन्ही अंगांस ठेवावें आणि अंगठा खालीं शिवणीवर टेकवावा. चेंडू शिवणीवर पडला म्हणजे तो कोणत्या बाजूस जाईल हें फलंदाजास आधीं कळत नाहीं. पट्टी कोरडी, कठीण आणि निर्जीव असेल, तर उभी शिवण काम करीत नाहीं. तेव्हां पुष्कळ जलद गोलंदाज शिवण आडवी धरतात. असा चेंडू कधीं शिवणीवर पडून उसळतो, कधीं चामड्यावर पडून घसरतो. शिवाय त्याची एक बाजू लौकर खरबरीत होते, आणि जुना चेंडू उलट दिशेला वळविण्याची तयारी होते. फिरकी टाकणाऱ्याचें सर्व भांडवल शिवणींत आहे. त्याचीं बोटें शिवणीवर रुंद पसरलीं पाहिजेत आणि शिवणीला अडकलीं पाहिजेत. शिवण बसलेला गुळगुळीत चेंडू त्याच्या हातीं देणें म्हणजे बोथट विळ्यानें धान कापावयास सांगणें होय.

येथें क्रिकेटच्या बाहेरचें एक उदाहरण देतों. कारण त्यावरून हें तत्त्व अधिक स्पष्ट होईल. अमेरिकेंत दहा खुंट्यांचा बोलिंग नांवाचा खेळ फार लोकप्रिय आहे, आणि आपल्याकडे मोठ्या शहरांतहि तो आला आहे. साठ फूट लांबीच्या गुळगुळीत पट्टीवरून जड गोळा घरंगळत सोडावयाचा आणि पलीकडील दहा खुंट्या पाडावयाच्या. वरवर पाहतां यांत जमिनीचा प्रश्न नाहीं. पट्टी तर आरशासारखी असते. परंतु त्या पट्टीच्या पुढल्या भागावर, सुमारें चाळीस फुटांपर्यंत, तेल पसरलेलें असतें, आणि तें डोळ्यांना धड दिसतहि नाहीं. तेलावर गोळा घसरतो. तेल संपलें म्हणजे तो पट्टीला पकडतो आणि खुंट्यांकडे वळतो. तेल जास्त असेल तर खेळाडू खरबरीत, पकड घेणाऱ्या राळेच्या कवचाचा गोळा काढतो. पट्टी कोरडी असेल तर कठीण, गुळगुळीत कवचाचा गोळा घेतो, म्हणजे तो वेळेआधीं वळूं नये. एवढ्यावर तो थांबत नाहीं. गोळ्याच्या आंतील गाभा गोल नसून मुद्दाम वेड्यावांकड्या आकाराचा केलेला असतो, आणि बोटें घालण्याचीं छिद्रें त्या गाभ्याच्या कोणत्या बाजूस पाडावीं यावर गोळा लौकर वळेल कीं उशिरां, हें ठरतें. म्हणून जाणते खेळाडू आपल्या हाताच्या फिरकीचें माप देऊन छिद्रें पाडून घेतात, आणि सामन्याला एकाहून अधिक गोळे घेऊन जातात.

क्रिकेटपटूला अशी मुभा नाहीं. त्याला पंच देईल तो चेंडू घ्यावा लागतो. छिद्रें पाडण्याचा प्रश्नच नाहीं. त्याचीं छिद्रें म्हणजे त्याच्या बोटांची पकड. तेव्हां जमीन वाचून पकड बदलणें, एवढेंच त्याच्या हातीं राहतें. परंतु जेथें पंच नाहीं आणि चेंडू आपणच विकत घ्यावयाचा आहे, तेथें, म्हणजे शाळेंत, गांवांत आणि घरीं, आपल्याला त्या खुंट्यांच्या खेळाडूइतकीच निवड करतां येते, आणि तेथेंच आपण ती करीत नाहीं.

जमिनीची निवड माणूस करूं शकतो याचें जुनें उदाहरण म्हणजे चटई. पूर्वी आपल्या देशांत पुष्कळ ठिकाणीं गवताची पट्टी राखणें परवडत नसे. कठीण भुईवर काथ्याची किंवा तागाची चटई ताणून खिळ्यांनीं ठोकीत आणि तिच्यावर खेळत. चटईवर चेंडू उसळतो, आणि बोटांनीं कापलेला चेंडू विलक्षण वळतो. ऑक्टोबर १९५२ मध्यें लखनौ येथें तागाच्या चटईवर पाकिस्तानच्या फझल महमूद यांनीं भारताचे बारा बळी ९४ धावांत घेतले आणि आपल्या देशाला पहिला कसोटी विजय मिळवून दिला. उलट डिसेंबर १९५९ मध्यें कानपूर येथें नव्यानेंच तयार केलेल्या मातीच्या पट्टीवर जसू पटेल यांनीं ऑस्ट्रेलियाचे एका डावांत ६९ धावांत नऊ आणि सामन्यांत चौदा बळी घेतले, आणि भारतानें ऑस्ट्रेलियावर पहिला विजय मिळविला. दोघांनींहि जमिनीचा स्वभाव ओळखला होता.

जमीन वाचण्याची विद्या कोठें शिकावी, याचें उत्तर पाळवणकर बाळू यांच्या चरित्रांत सांपडतें. पुण्याच्या क्लबांत त्यांचें पहिलें काम मैदान झाडणें, रूळ फिरविणें आणि पट्टी राखणें हें होतें. तेथील गोऱ्या फलंदाजांना सरावासाठीं चेंडू टाकतां टाकतां ते डावखुरे फिरकी गोलंदाज म्हणून घडले. चर्मकार समाजांत जन्मल्यामुळें त्यांना चहाचा पेलाहि वेगळा मिळत असे. परंतु १९११ सालीं भारतीय संघ इंग्लंडला गेला, तेव्हां तेथील अपरिचित, ओलसर पट्ट्यांवर त्यांनीं ११४ बळी घेतले, आणि तेहि १८.८४ च्या सरासरीनें. ज्यानें वर्षानुवर्षें मातीवर रूळ फिरविला, त्याला नवी माती परकी वाटली नाहीं, हें मला त्यांत विशेष वाटतें.

आतां आमच्या जंगली मुलुखाकडे येतों. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजीं चंद्रपूरपासून वेगळा झाला. परंतु मुलांचीं मैदानें दोन्हीकडे सारखींच आहेत. पावसाळाभर मैदान म्हणून कांहीं नसतेंच. दिवाळीनंतर धान कापून बांध्या मोकळ्या झाल्या कीं मुलें तेथें खेळतात. ती जमीन सपाट असते, पण तिच्यांत धानाचे सड असतात आणि वाळतांना भेगा पडतात. दुसरें मैदान म्हणजे शाळेपुढील मुरमाचें. तें बारमाही असतें, परंतु खड्यांनीं भरलेलें. या दोन्ही जमिनींवर चामडी चेंडू आणणें म्हणजे पैसा आणि मूल, दोन्ही धोक्यांत घालणें होय. मुरमावर चार-पांच षटकांत चेंडूचें चामडें सोलून निघतें आणि शिवण सुटते. आणि खड्यावर पडलेला चेंडू फलंदाजाच्या दाढेवर येईल कीं घोट्यावर, हें टाकणाऱ्यालाहि ठाऊक नसतें. बाजारांत मिळणारा बुचाचा कठीण चेंडू तर याहून वाईट. तो स्वस्त असतो, झिजत नाहीं, आणि म्हणून शाळांना आवडतो. पण तो दगडासारखा उसळतो, आणि त्याला खरी शिवण नसल्यामुळें मुलाला शिकवीत मात्र कांहींच नाहीं.

म्हणून आमच्याकडे मुलें रबरी चेंडूनें खेळतात, आणि जमिनीच्या दृष्टीनें त्यांची निवड अगदीं बरोबर आहे. परंतु तेथूनच खरी अडचण सुरू होते. टेनिसचा चेंडू ५६ ते ५९ ग्रॅमचा असतो. चामडी चेंडू त्याच्या जवळ जवळ तिप्पट. रबरी चेंडूला शिवण नाहीं. त्याला वेग द्यावयाचा तर मनगटाचा झटका लागतो. चामडी चेंडू त्या झटक्यानें फेंकला तर तो हातांतून उशिरां सुटतो आणि अर्ध्या पट्टीवर आदळतो, किंवा लौकर सुटून यष्टिरक्षकाच्याहि डोक्यावरून जातो. वर्षानुवर्षें एका वजनाला सरावलेला खांदा एका दिवसांत दुसऱ्या वजनाला सरावत नाहीं.

धानोऱ्याकडील एका गांवचा एक मुलगा माझ्या शाळेंत होता. महुआ वेंचून आणि तेंदूची पानें तोडून त्याचें घर चालत असे. त्याच्या खांद्यांत विलक्षण जोर होता. रबरी चेंडूनें तो आमच्या दांडग्या मुलांचीहि त्रेधा उडवीत असे. एकदां एका निवडचांचणीसाठीं त्याला शहरांत पाठविलें. तेथें त्याच्या हातीं नवा चामडी चेंडू दिला गेला. तसा चेंडू त्यानें त्यापूर्वीं पाहिला होता, पण टाकला नव्हता. त्याला सहा चेंडू मिळाले. त्यांतील एकहि फलंदाजाला खेळावा लागला नाहीं. नांव पुकारणाऱ्या गृहस्थांनीं पुढचें नांव पुकारलें आणि मुलगा संध्याकाळच्या गाडीनें परत आला. पुढें तो कधींच गेला नाहीं. त्याची परीक्षा गोलंदाजीची झाली नाहीं. त्याच्या हाताला ती वस्तु कधीं मिळाली होती कीं नाहीं, याची झाली. शहरांतील मुलाला ती दहाव्या वर्षीं मिळते.

याउलट उमेश यादव यांचें उदाहरण आहे. वडील कोळसाखाणींत कामाला. राहणें नागपूरजवळ खापरखेड्याकडील वलनी या गांवीं. त्यांचें सारें बालपण रबरी चेंडूच्या खेळांत गेलें, आणि विशीच्या उंबरठ्यावर येईपर्यंत चामडी चेंडूशीं त्यांचा खरा परिचय झाला नव्हता. नागपूर जवळ होतें, क्लबांचीं दारें होतीं, आणि सराव करवून घेणारीं माणसें भेटलीं. २००८ सालीं ते विदर्भाकडून रणजी सामन्यांत खेळले, आणि नोव्हेंबर २०११ मध्यें कसोटी खेळणारे विदर्भाचे पहिले खेळाडू झाले. नोव्हेंबर २०१९ मध्यें कोलकात्यास भारतांतील पहिली गुलाबी चेंडूची कसोटी झाली, तेव्हां त्या नव्या रंगाच्या चेंडूनेंहि त्यांनीं सामन्यांत आठ बळी घेतले. विदर्भाचा संघ त्याआधींच, २०१७-१८ सालीं, प्रथमच रणजी करंडक जिंकून बसला होता. पुढें २०१८-१९ व २०२४-२५ मध्यें त्यानें तो पुन्हां मिळविला. तेव्हां आमच्या भागांतील हातांत जोर नाहीं असें कोणीं म्हणूं नये. बल्लारपूर आणि घुग्घुस येथेंहि खाणी आहेत, आणि खाणकामगारांचीं मुलें आहेत. जोर आहे, वेळेवर चेंडू नाहीं.

तर मग करावें काय? पहिली गोष्ट, शाळेनें चेंडू जमिनीला विचारून घ्यावा. मुरमावर व सडांवर रबरीच असावा; मात्र मूल दहा-अकरा वर्षांचें झालें कीं अधूनमधून जड रबरी चेंडू द्यावा, म्हणजे खांदा हळूहळू तयार होतो. दुसरी गोष्ट, चामडी चेंडूसाठीं एकच पट्टी करावी. बांधींतील चिकणमाती आणून, चाळून, पाणी देऊन ती दाबावी आणि वर काथ्याची चटई ताणावी. किंवा ग्रामपंचायतीच्या साहाय्यानें सिमेंटचा चौथरा करून त्यावर चटई घालावी. अशा पट्टीवर उसळी सारखी असते, आणि शिवणीचा उपयोग मुलाला समजतो. फलंदाजाला मात्र शिरस्त्राण, हातमोजे आणि पायांचे पॅड असल्यावांचून तेथें उभें राहूं देऊं नये. तिसरी गोष्ट, लहान मुलांना व मुलींना त्यांच्या मापाचाच चेंडू द्यावा. एका वर्षीं आमच्या शाळेला क्रीडासाहित्याची पेटी आली. तींत बारा चेंडू होते आणि बाराहि प्रौढांच्या मापाचे. पांचवी-सहावींतील मुलांचीं बोटें त्या चेंडूभोंवतीं पुरेशीं येतच नसत. मग मुलें कोपर वांकवून चेंडू फेंकूं लागलीं, आणि ती संवय मोडण्यास पुढें दोन वर्षें लागलीं. नियमांतील १३३ ते १४४ ग्रॅमचा आंकडा कोणीं वाचला असता, तर तेवढ्याच पैशांत काम झालें असतें.

चौथी गोष्ट शहरांतील श्रोत्यांसाठीं आहे. आपल्यापैकीं अनेकांचीं मुलें क्लबांत शिकतात. तेथें सरावाचा चेंडू थोडा झिजला, लकाकी गेली, कीं तो बाजूला पडतो. ज्या चेंडूची शिवण अजून शाबूत आहे, तो जुना चेंडू शिकणाऱ्या मुलाला नव्यापेक्षांहि अधिक उपयोगी असतो. त्याच्यावर पकड बसते, तो फार उसळत नाहीं, आणि वजन तर खरेंच असतें. आपल्या ओळखीच्या क्लबांतून असे दहा-बारा चेंडू गोळा करून एटापल्ली, अहेरी, धानोरा किंवा सिंदेवाही येथील एखाद्या शाळेकडे पाठविले, आणि एखादी उतरलेली चटई सोबत दिली, तर त्याचा खर्च टपालापलीकडे फारसा नाहीं. मात्र शाळेला आधीं पत्र लिहून विचारावें, कीं मुलें किती वर्षांचीं आहेत आणि मैदान कसलें आहे. त्या उत्तरावरून चेंडू निवडावे. मुरमाचें मैदान असेल आणि पट्टी नसेल, तर चटई आधीं पाठवावी, चेंडू मागून. आमच्याकडे उन्हाळ्यांत पारा ४७ अंशांच्या घरांत जातो. म्हणून चेंडू दिवाळीच्या सुमारास पोंचतील असें करावें, म्हणजे हिवाळ्याचे चार महिने ते मुलांच्या हातांत राहतील. पत्राचें उत्तर मास्तर देतील, याची हमी मी देतों. कारण असल्या पत्राची वाट पाहण्यांत त्यांचीं पुष्कळ वर्षें गेलेलीं असतात.